गाणं कुणी लिहिलं, तेही सांगा

सोलापुरातल्या गाण्याच्या कार्यक्रमांचे आयोजक, निवेदक आणि उत्सव मंडळांचे पदाधिकारी यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

महिला दिन जवळ आला की तुमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. ‘मॅडम, स्त्रीशक्तीवर कार्यक्रम ठेवलाय, हुतात्मा नाट्यगृहाची तारीख मिळालीय, तेवढी गाणी बसवा.’ यंदा फोनच्या पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर यादीही आली. प्रत्येक गाण्यापुढे गायिकेचं नाव, चित्रपटाचं नाव, कुठेकुठे तर नायिकेचंसुद्धा नाव. गाणं लिहिलं कुणी, हा रकानाच नव्हता. मी तो जोडला आणि भरत बसले. जवळपास सगळी गाणी पुरुषांनी लिहिलेली निघाली.

त्यात वाईट काही नाही. आपल्या सोलापूरच्या कवी संजीवांनी ‘भाऊबीज’ चित्रपटासाठी ‘सोनियाच्या ताटी उजळल्या ज्योती’ लिहिलं. ते भावाला ओवाळणाऱ्या बहिणीच्या तोंडी आहे आणि अजून दिवाळीत घराघरांत वाजतं. त्याच्या कितीतरी आधी इथल्याच राम जोशींनी लावणीतल्या बाईच्या तोंडी काय काय घातलं, ते सगळं या पत्रात लिहायची सोय नाही. पुरुषाने बाई होऊन लिहिलं की आपण त्याला प्रतिभा म्हणतो, आणि ती असतेच. पण बॅनरवर ‘स्त्रीशक्ती’ लिहायचं, मंचावर बाईने गायचं, नाचायचं, ओवाळायचं, आणि शब्द मात्र एकीचाही नसायचा, हे काही यंदा मला गिळवेना. म्हणून हे पत्र.

माझी ओळख तुम्हाला आहे. सुगम संगीताचा छोटा वर्ग चालवते, तुमच्या मंचांवर गाते. मी स्वतः एक ओळ लिहीत नाही, त्यामुळे हे गाऱ्हाणं माझ्या मानाचं नाही. माझं नाव तुम्ही घेता, कधीकधी नको इतक्या विशेषणांसकट घेता. मागणी एवढीच आहे की यंदाचा कार्यक्रम गाणी लिहिणाऱ्या बायकांवर करा, आणि पुढे कुठलाही कार्यक्रम असो, गाणं सुरू व्हायच्या आधी ते कुणी लिहिलं हे सांगत चला.

याला किती वेळ लागतो? आकाशवाणीवर आपण लहानपणापासून ऐकत आलो, ‘गीत शांता शेळके, संगीत हृदयनाथ मंगेशकर, स्वर लता मंगेशकर’. चार-पाच सेकंदांचं काम. त्या निवेदकांना तुमच्याइतकीच घाई असायची, मिनिटामिनिटाचा हिशोब असायचा, पण ही शिस्त त्यांनी सोडली नाही. आमच्या गुरुजींनी वहीत तशीच सवय लावली होती. उजव्या कोपऱ्यात पट्टी, काळी दोन की पांढरी पाच. डावीकडे ठेका, केरवा, दादरा की भजनी. आणि मुखड्याच्या डोक्यावर आधी कवी, मग संगीतकार, मग गायक. आता पोरं वही ठेवत नाहीत. ट्रॅक डाऊनलोड करतात, आणि ट्रॅकच्या नावात गायक असतो, चित्रपट असतो, ‘कराओके विथ लिरिक्स’ असंही असतं. लिरिक्स कुणाचे ते नसतं. निवेदकही तेच पडद्यावरून वाचतो. म्हणजे मुद्दाम कुणी वगळत नाही, नाव आपोआप गळून पडतं. बायकांच्या बाबतीत ते जरा जास्त लवकर गळतं, एवढंच.

हे गळणं आपल्याच जिल्ह्यात किती जुनं आहे बघा.

सोलापुरातून निघालं की तासा-सव्वातासात मंगळवेढा. तिथल्या सोयराबाई, चोखोबांच्या पत्नी. ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग त्यांचा. किशोरीताई आमोणकरांनी तो असा गायला की आता दुसरी चाल कानाला लागतच नाही. पण आषाढीच्या कार्यक्रमांत ‘संत चोखामेळा यांची रचना’ असं सांगून तो सुरू झालेला मी या कानांनी ऐकला आहे. शेवटच्या ओळीत बाई स्वतः सांगते आहे, ‘पाहते पाहणे गेले दूरी, म्हणे चोखियाची महारी’. तिने नाममुद्रासुद्धा नवऱ्याच्या नावाने घातली, जातीसकट घातली, आणि आपण तेवढ्यावरून अभंगच नवऱ्याच्या नावे करून मोकळे झालो. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ असं थेट विचारणारी बाई आहे ती. विटाळावर इतकं उघड बोललेलं आज आपल्या महिला दिनाच्या निवेदनातसुद्धा चालत नाही.

पंढरपुरात जनाबाई. गंगाखेडहून लहानपणी आल्या आणि नामदेवांच्या घरी राबल्या. त्यांची मुद्रा ‘नामयाची दासी’. गोपाळपूरला त्यांचं जातं दाखवतात, आपण सगळ्यांनी त्याला हात लावलेला आहे. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ हे आपण भक्तीचं वचन म्हणून गातो. मला त्यात कामाचं वेळापत्रकही दिसतं. लिहायला बसायची वेगळी वेळ नाही, गाणं होणार ते दळताना आणि कांडताना. तीच जनाबाई ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असंही म्हणून गेली. आमच्या वर्गातल्या मुलींना हा अभंग शिकवला की एखादीची आई हमखास विचारते, ‘मॅडम, हा खरंच जनाबाईंचा आहे?’ हो, खराच त्यांचा.

आणि पुन्हा मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रा. गणिकेच्या पोटी जन्म, बिदरच्या बादशहाचं बोलावणं, आणि पंढरपूरच्या देवळात शेवट. त्यांच्या नावाने सांगितलं जाणारं तरटीचं झाड आपण बघतो, नमस्कार करतो. ‘नको देवराया अंत आता पाहू’ त्यांचाच. यांना नवरा नाही, धनी नाही, परंपरेने सांगावा असा गुरूही नाही. म्हणून असेल, त्यांची मुद्रा नुसती ‘कान्होपात्रा’. आपल्या या तिघींमध्ये दुसऱ्या कुणाच्या नावाची मुद्रा नसलेली ही एकटी.

तिघींना एका ओळीत ठेवलं की मला एक गोष्ट सारखी जाणवते, लिहून घेणाऱ्याची. कुठल्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले याची परंपरेने चालत आलेली यादी आहे. चोखोबांचे अनंतभट्टांनी घेतले म्हणतात. आणि जनीचे? खुद्द पांडुरंगाने. ऐकायला किती गोड वाटतं! पण जरा थांबून बघा. मोलकरणीचं गाणं लिहून घ्यायला पंढरपुरात दुसरं कुणी बसेल, हे आख्यायिका रचणाऱ्यांनाही पटलेलं नव्हतं. देवालाच कामाला लावावं लागलं.

बहिणाबाई चौधरींच्या वेळी ते काम मुलाने केलं. जळगावजवळच्या आसोद्याचा जन्म, १८८० सालचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, शेती आणि घर. अक्षरओळख नाही. ओव्या तोंडून येत राहिल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्याने आणि मावसभावाने त्यातल्या काही कागदावर उतरवल्या. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी त्या अत्र्यांना दाखवल्या, अत्र्यांनी पुस्तकाचा आग्रह धरला आणि १९५२ साली पुस्तक आलं. पुढे ‘मानिनी’ चित्रपटातून ‘अरे संसार संसार’ घराघरात गेलं. जिच्या नावाने आज जळगावात विद्यापीठ उभं आहे, तिने स्वतःचं पुस्तक पाहिलं नाही. आणि जे कागदावर आलंच नाही, ते किती होतं याचा हिशोब कोण देणार?

या सगळ्या संत आणि शेतकरी बायका, त्यांचा काळ वेगळा, असं तुम्ही म्हणाल. मग शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, भरपूर नाव मिळालेल्या बाईकडे येऊ.

पुण्याहून सोलापूरला येताना इंदापूर लागतं. शांताबाई शेळके तिथे जन्मल्या, १९२२ साली. वडील लहानपणीच गेले. शिकल्या, एम.ए. झाल्या, अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये नोकरी केली, नागपूरला आणि मुंबईला कॉलेजात शिकवलं, सेन्सॉर बोर्डावर काम केलं, कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं, १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. लग्न केलं नाही. यशस्वी म्हणजे यापेक्षा आणखी काय असतं? तरीही या बाईंची काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने आहेत. पुरुषाचं नाव, वर डॉक्टर. टोपणनावामागे नोकरीची अडचण होती असं सांगितलं जातं, आणि ते खरंच असणार. पण टोपणनाव घ्यायचं ठरलं तेव्हा बाईचं नाव का सुचलं नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

शांताबाईंचं गाणं मी गेली कित्येक वर्षं गाते आहे, आणि गाताना मला त्यांचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो दुसऱ्याच्या अंगात शिरण्याचा. ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या बाईने कोळी पुरुष उभा केला, ‘वादळवारं सुटलं गो’मध्ये कोळीण. ‘मराठा तितुका मेळवावा’ या १९६४ च्या चित्रपटातलं ‘शूर आम्ही सरदार आम्हाला काय कुणाची भीती’ हेही त्यांचंच, आणि संगीत आनंदघन या नावाने लताबाईंचं! शिवजयंतीला आपल्या चौकाचौकांत हे गाणं स्पीकरच्या भिंतींवर वाजतं. फेटे बांधलेली पोरं हात वर करून नाचतात. शब्द बाईचे, चाल बाईची. एखाद्या वर्षी मिरवणुकीत हे माईकवरून सांगून बघा, पोरांच्या तोंडाकडे बघण्यासारखं असेल. मी गाण्याच्या आधी सांगते तेव्हा पहिल्या दोन रांगांत एक तरी मान शेजाऱ्याकडे वळतेच. पुरुषाने बाईचं लिहिलं तर प्रतिभा, बाईने सरदाराचं लिहिलं तर आश्चर्य.

‘तोच चंद्रमा नभात’ची गोष्ट तर याहून गमतीची आहे. बाबूजींचं गाणं म्हणूनच ते आपल्याकडे ओळखलं जातं, आणि सुधीर फडक्यांची चाल व स्वर दोन्ही असल्यावर त्यात चूक काही नाही. शब्द शांताबाईंचे. त्यांना ते सुचलं एका संस्कृत श्लोकावरून, आणि तो श्लोक शीलाभट्टारिका नावाच्या कवयित्रीचा मानला जातो. तोच प्रियकर, तीच चैत्राची रात्र, आणि तरीही मन तिथे राहिलेलं नाही, असं हजार वर्षांपूर्वी एका बाईने म्हटलं. ते दुसरीने ऐकलं, आणि नेमकं जे हरवलं आहे त्यावर बोट ठेवून मराठीत आणलं. आपल्या निवेदनात या दोघीही नसतात. ‘बाबूजींचं अजरामर गीत’, टाळ्या, सुरू.

रफींच्या मराठी गाण्यांचं तेच. सोलापुरात रफीवेडे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कार्यक्रमाला जागा मिळत नाही. ‘शोधिसी मानवा राऊळी मंदिरी’ला वन्स मोअर पडतो. गीत वंदना विटणकर, संगीत श्रीकांत ठाकरे. विटणकरांचं नाव मंचावरून घेतलेलं मी क्वचित ऐकलं. हिंदीत ‘आशिकी’मधलं ‘धीरे धीरे से मेरी जिंदगी में आना’ राणी मलिक यांचं, १९९० चं. लग्नाच्या वरातीपासून हॉटेलातल्या पार्टीपर्यंत तीस-पस्तीस वर्षं ते वाजतंय. नाव विचारा कुणाला.

आता एक जवळची बाई सांगते. नाव घालत नाही, कारण त्यांची परवानगी अजून अर्धीच मिळाली आहे. ते पुढे येईल. आमच्या पेठेतल्या काकू मंगलाष्टका, पाळणे आणि डोहाळजेवणाची गाणी लिहून देतात. वरवधूची, आईवडिलांची, मामाची नावं घालून. शार्दूलविक्रीडित हे वृत्ताचं नाव विचारलं तर हसतात. पण अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत एकोणीस अक्षरं मोजतात आणि लघू-गुरू चुकत नाहीत. नवरदेव रेवणसिद्ध असेल तर त्याला तिसऱ्या अक्षरावर बसवतात, मल्लिकार्जुन असेल तर सहाव्यावर. मी कागदावर मांडून ताडून पाहिलं, दोन्ही चपखल बसतात. ‘का तिसऱ्यावर?’ म्हटलं, तर ‘आधी बसवलं तर जीभ अडखळते गं’ एवढंच उत्तर.

पाळणे लिहितात ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे. दुपारी भांडी झाल्यावर, कुकर लावायच्या आधी. गेल्या वर्षी एका मुलीच्या बारशासाठी लिहिलेलं हे कडवं त्यांच्याच परवानगीने देते:

पाचव्या रात्री सटवाई आली,
उशाशी दौत-लेखणी ठेविली,
लिहून दमली, डुलकी लागली,
पोरीनं लेखणी हातात घेतली, जो बाळा जो जो रे जो.

पाचवीला कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत सगळ्यांच्या घरात आहे. सटवाईला झोपवून लेखणी पोरीच्या हातात द्यायचं या बाईला सुचलं. बारशाला आलेल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या कडव्याचं काकूंना काय मिळालं? ओटीचं खण-नारळ आणि ‘किती छान हो, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम’. हॉलवाल्याला पैसे, मांडववाल्याला पैसे, पाळणा गाणाऱ्या मला पाकीट, साउंडवाल्याला आगाऊ. शब्द तेवढे फुकट.

मी म्हटलं, काकू, पत्रिकेच्या मागे ‘पाळणा रचना’ म्हणून तुमचं नाव छापायला सांगू का? तर म्हणाल्या, ‘नाव कशाला? मी कुठं कवी आहे.’ मग जरा वेळाने, ‘छाप, पण मिस्टरांचंही घाल बाजूला.’ हीच ती अर्धी परवानगी. ‘चोखियाची महारी’पासून इथपर्यंत अंतर किती पडलं ते तुम्हीच मोजा.

परदेशातल्या बायकांचं काही वेगळं असेल असं मला आधी वाटायचं. वर्गातल्या मुली इंग्रजी गाणी ऐकतात, त्यांच्या नादाने मीही चौकशा केल्या. लॉरेटा लिन ही अमेरिकेतल्या केंटकीच्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आसपास चार लेकरं. नवऱ्याने गिटार आणून दिली, ती ही घरीच वाजवायला शिकली आणि घरातलंच लिहायला लागली. दारू पिऊन येणारा नवरा, पाठोपाठची बाळंतपणं. १९७५ साली गर्भनिरोधक गोळीवर गाणं आलं तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. बाळंतपणाच्या कौतुकाची गाणी चालत होती, बाळंतपण पुरे म्हणणारं चाललं नाही. आपल्याकडे डोहाळजेवणात झोपाळा सजवतात, ‘आता बस’ म्हणणारं गाणं कुठल्या कार्यक्रमात ठेवाल, सांगा.

डॉली पार्टन बारा भावंडांतली चौथी, टेनेसीच्या डोंगरातल्या गरीब घरातली. १९७४ साली तिचं एक निरोपाचं गाणं गाजलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्या काळी एल्व्हिसने गाणं म्हणजे नशीब उघडणं! पण त्याच्या मॅनेजरने अट घातली, गाण्याच्या प्रकाशन हक्कातला अर्धा वाटा द्यायचा. हिने नाही म्हटलं. घरी जाऊन रडली, पण नाहीच म्हटलं. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने चित्रपटासाठी गायलं, जगभर गेलं, आणि पैसा हक्क राखून ठेवणाऱ्या बाईकडे आला. ही हकीकत मी वर्गात सांगते तेव्हा मुलींना एल्व्हिसचं नाव ऐकून फारसं काही वाटत नाही, पण अर्धा वाटा म्हटलं की सगळ्या सरसावून बसतात. आजीच्या नावावरची जमीन मामांनी सही घेऊन कशी करून घेतली, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

तर दळताना सुचणं, घरातल्या कुणीतरी कागदावर उतरवणं, नवऱ्याच्या किंवा पुरुषाच्या नावाआड राहणं, खरं लिहिलं की दार बंद होणं, आणि शब्दांना मोल नसणं. मंगळवेढा काय नि केंटकी काय. ज्यांची गाणी टिकली त्यांच्या प्रतिभेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. प्रत्येकीच्या मागे लिहून घेणारं किंवा हक्क लिहून ठेवणारं कुणीतरी होतं, ते आपण बोलत नाही. तुमच्या-माझ्या हातात नेमकं तेवढंच काम आहे, म्हणून मी ते तुमच्या गळ्यात घालते आहे.

हे काम होतं, याचा पुरावा आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आता त्यातल्या पुष्कळशा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, ती काय काम करते हेही आहे. इतक्या बायका, आणि एकीच्याही नावाला जागा कमी पडली नाही. तुमच्या क्रमपत्रिकेत दहाच गाणी असतात.

कायद्याचंही दोन ओळींत सांगते, कारण एका मंडळाच्या खजिनदारांनी मला ‘गीतकाराने एकदा विकलं की विषय संपला’ असं ऐकवलं होतं. संपत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातला खेळ सोडला तर चित्रपटातलं गाणं जिथे वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीत गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा असतो, आणि तो वाटा निर्मात्याला सही करून देऊन टाकताही येत नाही. रचना आपली आहे असं सांगण्याचा हक्क तर हक्क विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. लेखक गेल्यावर पुढची साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. म्हणजे शांताबाईंची गाणी २०६२ पर्यंत.

आणि आपल्या गावाकडे कान द्या, राव. नवरात्रात पूर्व भागातल्या तेलुगू बायका बतुकम्माभोवती, म्हणजे फुलांच्या रचलेल्या देवीभोवती, फेर धरतात, ‘उय्यालो’ म्हणत टाळ्यांवर गातात. विड्या वळून वळून बोटं तंबाखूच्या वासाची झालेल्या या बायका. जुन्या गाण्यात नव्या ओळी घालणारी एखादी असतेच, बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघून उचलतात. कन्नड घरांत अक्कमहादेवींची वचनं अजून तोंडपाठ आहेत, आणि बाराव्या शतकातल्या त्या बाईने ‘चेन्नमल्लिकार्जुन’ या मुद्रेने लिहिलं ते सिद्धरामेश्वरांच्या गावाला वेगळं सांगायला नको. बार्शीच्या अमर शेखांनी गळ्याचा वारसा आई मुनेरबींकडून घेतला. शाहिराचं नाव चौकाला देताना आईचं निदान भाषणात तरी घ्या. एवढं सगळं सोलापुरात असताना पुण्या-मुंबईची तीच यादी आपण का फिरवतो?

यंदाच्या कार्यक्रमासाठी मी गाणी काढून ठेवली आहेत. सुरुवात सोयराबाईंनी, मग जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई; मध्यंतरानंतर शांताबाईंची चार, विटणकरांचं एक, राणी मलिक यांचं एक. ‘शूर आम्ही सरदार’ मी गाणार आहे, त्याला ढोलकीसोबत हलगी लागेल, वादकांना आधी सांगा. शेवटी काकूंचा पाळणा. बतुकम्माच्या बायकांपैकी दोघी-तिघी येतो म्हणाल्या आहेत, त्यांना रिक्षाभाडं आणि त्या दिवसाची विड्यांची मजुरी द्यावी लागेल, ते बजेटमध्ये धरा. बॅनरवर गाणाऱ्यांची नावं ज्या आकारात, त्याच आकारात लिहिणाऱ्यांची. काकूंचं पाकीट माझ्या पाकिटाएवढं. कमी पडत असेल तर दोन्ही समान कमी करा, माझी हरकत नाही. निवेदनाचा कागद आठ दिवस आधी मला दाखवा. त्यात ‘अबला’, ‘सबला’, ‘दुर्गेचं रूप’ असलं काही दिसलं तर मी खोडणार.

काकूंच्या नावापुढे मिस्टरांचं नाव घालायचं की नाही, ते काकू ठरवतील. त्यांनी रविवारपर्यंतचा वेळ मागितला आहे. तोवर बॅनर छापायला देऊ नका.

आपली,
तुमच्या मंचावरची एक गायिका
सोलापूर